पिवळा धोतरा अथवा फिरंगी धोतरा

पावसाळा सरून भाताची कापणी झाली व खळीं उठलीं, म्हणजे आपल्या वसई तालुक्यांत जमिनीचे दोन भाग स्पष्ट दिसूं लागतात. जेथें वाल, हरभरा अथवा भाजीपाला केला जातो तो एक भाग, आणि जेथें कांहींच केलें जात नाहीं तो दुसरा. या दुसऱ्या भागावर, म्हणजे बांधांवर, रस्त्यांच्या कडांस, मातीच्या भरावांवर आणि गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिलेल्या खाचरांत, हिंवाळ्याच्या आरंभीं निळसर पानांचें एक कांटेरी रोप उगवतें. पौष-माघांत त्यावर पिवळीं फुलें येतात आणि चैत्र-वैशाखांत तें वाळून जागच्या जागीं उभें राहतें. यास पिवळा धोतरा असें म्हणतात. कांटेधोतरा, फिरंगी धोतरा व दारुडी हीं त्याचींच दुसरीं नांवें. हिंदी मुलखांत यास सत्यानाशी म्हणतात.

चंदनसारसारख्या गांवीं या झाडाचा विचार करण्यास आज विशेष कारण आहे. विरारच्या पूर्वेस रेल्वेपासून अहमदाबादच्या महामार्गापर्यंतचा प्रदेश हा मुळांत भाताचा. तेथें २००९ सालीं महानगरपालिका आली. घरें वाढलीं, रस्ते रुंद झाले, आणि शेतजमिनीचा पुष्कळ भाग धड शेत नाहीं व धड वस्ती नाहीं अशा स्थितींत राहिला. नांगर थांबला आणि इमारत अजून उठली नाहीं, अशी जमीन या झाडास फार मानवते. ज्यांचें शेत अजून चालू आहे त्यांच्या बांधापलीकडे अशी जमीन असते व तेथील बीं त्यांच्या शेतांत येतें. परंतु केवळ पिकाची नासाडी इतकाच प्रश्न असता तर आम्हीं वाचकांचा एवढा वेळ घेतला नसता. या झाडाच्या बियांचें तेल स्वयंपाकांत गेल्यास माणसें मरतात, आणि तीं आपल्या देशांत अनेक वेळां मेलीं आहेत. म्हणून याची ओळख, याची रीत व यावरील उपाय येथें क्रमानें देत आहों.

ओळख

पिवळा धोतरा हें वर्षायु झाड आहे, म्हणजे एकाच हंगामांत उगवून, फुलून, बीं टाकून तें मरतें. उंची साधारणपणें एक ते तीन फूट. प्रथम पानें जमिनीलगत चक्राकार पसरतात व कांहीं आठवड्यांनीं मधून खोड वर निघतें. पानांस देंठ नसतो. तीं खोडास बिलगून असतात. पानांच्या कडा खोल कातरलेल्या, प्रत्येक टोंकास कांटा, रंग निळसर हिरवा, आणि शिरांच्या कडेनें पांढरे पट्टे असतात. फूल दीड-दोन इंच रुंद असून त्यास चार ते सहा तलम पाकळ्या व मध्यें पुष्कळ केसर असतात. फळ म्हणजे इंच-सवा इंच लांबीचें कांटेरी बोंड. तें पिकलें म्हणजे शेंड्याकडून फांकतें व आंतील बारीक काळसर बिया दिसूं लागतात.

सर्वांत खात्रीची खूण अशी, कीं पान, देंठ अथवा खोड मोडल्याबरोबर त्यांतून पिवळा चीक येतो. करडईचें कोंवळें रोप कांटेरी असतें, उंटकटाऱ्याच्या पानासही कांटे असतात, आणि दुरून पाहणाऱ्याचा घोटाळा होऊं शकतो. परंतु पिवळा चीक त्या दोहोंत नाहीं. ज्यास शंका असेल त्यानें एक पान मोडून पाहावें म्हणजे निकाल लागतो.

नांवांतील धोतरा या शब्दानें फसूं नये. महादेवास वाहतात तो खरा धोतरा वांगें, तंबाखू व टोमॅटो यांच्या कुळांतील आहे. पिवळा धोतरा अफूच्या, म्हणजे खसखशीच्या कुळांतील आहे. दोघांच्या फळांस कांटे असतात एवढ्याच साम्यावरून लोकांनीं एकाचें नांव दुसऱ्यास दिलें. दोन्हीं झाडें विषारी असलीं तरी विषें निराळीं, लक्षणें निराळीं आणि वैद्यकीय इलाजही निराळे. एखाद्या मुलानें अगर जनावरानें बिया खाल्ल्याचा संशय आल्यास डॉक्टरांस केवळ "धोतरा" असें न सांगतां झाडाची फांदीच बरोबर नेऊन दाखवावी. अफूच्या कुळांतील म्हणून यापासून अफू निघते अशी एक समजूत आढळते. ती खोटी आहे.

झाड येथचें नव्हे

या झाडाचें मूळ ठिकाण मेक्सिको व त्याच्या आसपासचा अमेरिकेचा उष्ण प्रदेश. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यांनीं १७५३ सालीं यास आर्गेमोने मेक्सिकाना असें शास्त्रीय नांव दिलें. त्यांतील दुसऱ्या पदांत त्याचा देश सांगितला आहे. पहिलें पद डोळ्यांतील फुलास ग्रीक भाषेंत जो शब्द आहे त्यावरून आलें; तसल्या एका झाडाचा रस प्राचीन ग्रीक लोक डोळ्यांस लावीत. आज हें झाड आशिया, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया या खंडांतील उष्ण प्रदेशांत जणूं तेथचेंच असल्याप्रमाणें वाढतें.

आपल्या ताटांतील व वाडींतील किती वस्तु त्याच अमेरिकेंतून आल्या हें पाहिलें म्हणजे या प्रवासाचें नवल वाटत नाहीं. मिरची, काजू, पेरू, पपई, अननस, रताळें, तंबाखू हीं सर्व पंधराव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेचा मार्ग युरोपियनांस सांपडल्यानंतर इकडे आलीं. वसईवर फिरंग्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं किल्ला घेईपर्यंत होता. तेव्हां आपला तालुका या देवघेवीच्या ऐन वाटेवर होता. काजू व पपई लोकांनीं मुद्दाम लावलीं. तणाचें तसें नसतें. धान्याच्या पोत्यांतून, मालाभोवती घातलेल्या गवतांतून, जहाजाच्या तळाशीं भरलेल्या मातीमुरुमांतून त्याचें बीं न कळत येतें. पिवळ्या धोतऱ्यास आपल्या लोकांनीं फिरंगी हें विशेषण लाविलें, त्यावरून तें परकें आहे ही जाणीव त्यांस होती असें दिसतें.

येथें एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. बाजारांतील कित्येक पुस्तकांत या झाडास स्वर्णक्षीरी असें संस्कृत नांव देऊन चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतील गुण त्यास लाविलेले असतात. चीक सोन्यासारखा पिवळा, म्हणून नांव शोभतें खरें. परंतु ते ग्रंथ झाले तेव्हां अमेरिकेचें झाड भरतखंडांत असणें शक्य नव्हतें. सबब त्या ग्रंथांतील स्वर्णक्षीरी दुसरी कोणती तरी वनस्पति असली पाहिजे, आणि तिचे गुण यास लावून औषध घेणें हें एकाचा दाखला दुसऱ्याच्या नांवें वापरण्यासारखें आहे.

मुंबई इलाख्यांतील वनस्पतींची मोठी नोंद थिओडोर कुक यांनीं १९०१ पासून १९०८ पर्यंत भागशः प्रसिद्ध केली. तींत हें झाड आहे. म्हणजे गाजरगवत १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आलें त्याच्या कितीतरी आधींपासून पिवळा धोतरा येथें नांदत आहे. गाजरगवत नवें, म्हणून त्याची ओरड झाली. पिवळा धोतरा जुना, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाहीं. जुनेपणानें मात्र त्याचा एकही दोष कमी झालेला नाहीं.

त्याचें बळ बियांत आहे

हें झाड मुळांनीं पसरत नाहीं, फांदी रोवून लागत नाहीं, वेलीप्रमाणें धांवत नाहीं. त्याचा सर्व वंश बियांवर चालतो. एका बोंडांत तीनशें ते चारशें बिया असतात, आणि जोमदार झाडास साठ ते नव्वद बोंडें धरतात, असें मान तज्ज्ञांनीं दिलें आहे. हिशेब केला तर कमींत कमी १८,००० आणि जास्तींत जास्त ३६,००० बिया एका झाडाच्या नांवें जमा होतात. त्या सर्व एका वर्षीं उगवत नाहींत. कांहीं उगवतात, कांहीं मातींत निजून राहतात, व अनेक वर्षांनंतरही नांगरानें अथवा खोदकामानें वर येऊन थंडी-ओल मिळतांच उगवतात. म्हणून एक झाड पिकूं दिल्यास त्याचा त्रास पुढें अनेक वर्षें भोगावा लागतो.

बियांस पंख नाहींत. त्या वाऱ्यानें फार दूर जात नाहींत. बहुतेक झाडाखालींच पडतात. पुढील प्रवास पाण्याच्या लोटाबरोबर, जनावरांच्या खुरांस व गाड्यांच्या चाकांस लागलेल्या चिखलाबरोबर, आणि मळणींतील धान्याबरोबर होतो. आजकाल यांत एका वाहनाची भर पडली आहे, तें म्हणजे मातीची मालमोटार. एका ठिकाणीं खणलेली माती दुसऱ्या ठिकाणीं भरावास टाकली जाते, आणि त्या मातीबरोबर दहा-वीस मैलांवरचें बीं आपल्या दारीं येतें. भराव नवा असतो, त्यावर गवत नसतें, सावली नसते. उघडी, उकरलेली, उन्हाची जमीन हीच या झाडाची आवड. दाट गवतांत अथवा गर्द सावलींत तें टिकत नाहीं.

दुसरें एक कारण ध्यानांत घेण्यासारखें आहे. या झाडास कोणी हात लावीत नाहीं. गुरें व शेळ्या कांटे व कडवट रस यांमुळें त्यास सोडून भोंवतालचें गवत खातात, त्यामुळें त्यास उलट मोकळी जागा मिळते. खुरपणीचा मजूर हात टोंचतात म्हणून त्यास वगळून पुढें जातो. मालक तें बांधावर आहे, पिकांत नाहीं, असें म्हणून सोडतो. आम्हीं महसुली दप्तरांत पुष्कळ वर्षें काम केलें आहे. त्या भाषेंत सांगावयाचें तर हें झाड पोटखराब्याचें कूळ आहे. सातबाऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्र निराळें व पोटखराबा निराळा दाखवितात, आणि पोटखराब्यावर आकार नसल्यामुळें तो आपला नव्हेच असें आपण मनानें धरून चालतों. बांध, ओहोळाची कड, गाडीवाट, चालू पड, कायम पड या सर्वांची बेरीज केली म्हणजे गांवांत या झाडास किती आश्रय आहे हें दिसून येईल. रब्बीच्या पिकांत तें ओल व खत खातें हें खरेंच. पण पिकांत तें पोहोंचतें तें बांधावरून.

तेलांतील विष

आतां मुख्य गोष्ट. या बियांत सुमारें तिसरा हिस्सा तेल असतें. पूर्वीं तें दिव्यास जाळीत. बिया रंगानें व आकारानें मोहरीसारख्या दिसतात, आणि दोन्हींचा पिकण्याचा काळही जवळजवळ एकच. मोहरीच्या शेतांत धोतरा असला तर कापणी-मळणींत त्याच्या बिया मोहरींत मिसळतात व तशाच घाण्यांत जातात. शिवाय हें बीं फुकट मिळतें, म्हणून लोभी व्यापारी तें अथवा त्याचें तेल मुद्दाम मिसळतात. तेलांत शेंकडा एक भाग मिसळ झाली तरी ती रोगास पुरते.

या रोगास इंग्रजी वैद्यकांत एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात; आपण त्यास अंग सुजण्याची साथ म्हणूं. १८७७ सालीं कलकत्त्यांत या साथीची प्रथम ठळक नोंद झाली. बंगालमध्यें मोहरीचें तेल रोजच्या जेवणांत असतें, त्यामुळें साथ तेथें पुनःपुन्हां येत राहिली. कोणी ती संसर्गाची मानली, कोणी साठविलेल्या तांदुळांत दोष पाहिला. १९२६ सालीं डॉ. सरकार नांवाच्या वैद्यकीय गृहस्थांनीं या झाडाच्या तेलाकडे बोट दाखविलें व पुढील दहा-पंधरा वर्षांतील प्रयोगांनीं तें खरें ठरलें. १९४८ सालीं या तेलांतून सँग्विनरीन नांवाचें द्रव्य वेगळें काढून त्याचा विषारीपणा दाखविण्यांत आला. म्हणजे ज्या झाडाचें बीं प्रत्येक बांधावर पडलेलें होतें, त्यास पकडण्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं.

हें विष शरीरांतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या सैल करतें व त्यांतून रक्तांतील पाणी बाहेर झिरपूं लागतें. आरंभीं ओकारी व जुलाब होतात. पुढें दोन्हीं पाय सुजतात, त्यांवर लाली येते, आग होते, दाबल्यास दुखतात. मग धाप लागते, हृदय थकतें, आणि कित्येकांच्या डोळ्यांत ताण वाढून दृष्टि अधू होते. एकाच घरांत एकाच तेलावर जेवणारीं बहुतेक सर्व माणसें आजारी पडावीं व अंगावर पिणारें मूल तेवढें वांचावें, ही या रोगाची मोठी खूण आहे. यावर उतारा म्हणून असें औषध नाहीं. संशय येतांच तें तेल बंद करावें, रोग्यास विलंब न करितां रुग्णालयांत न्यावें, आणि तेलाचा नमुना फेंकून न देतां तपासणीसाठीं ठेवावा. फोडणीच्या उष्णतेनें विष नाहींसें होतें या समजुतीवर मुळींच विसंबूं नये.

हें सर्व जुन्या काळचें आहे असें कोणी म्हणेल. १९९८ सालीं ऑगस्टच्या सुमारास दिल्लींत भेसळीच्या मोहरीच्या तेलानें हीच साथ उद्भवली. साठ माणसें दगावलीं व तीन हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. त्यानंतर सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आले. आज अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांप्रमाणें खाद्यतेल बंद डब्यांतून अथवा पिशव्यांतूनच विकलें पाहिजे आणि त्यांत या झाडाच्या तेलाचा अंशही असतां कामा नये.

आपल्याकडे शेंगदाणा, तीळ, करडई व किनाऱ्यावर खोबरें यांचें तेल वापरण्याचा प्रघात. म्हणून हा रोग परप्रांतीयांचा, असें समजणें आतां बरोबर होणार नाहीं. विरार-नालासोपाऱ्याच्या वस्तींत उत्तरेकडील व बंगालकडील कुटुंबें पुष्कळ आहेत, मोहरीचें तेल येथील दुकानांत सर्रास मिळतें, आणि ताज्या घाण्याच्या तेलाची आवडही पुन्हां वाढली आहे. शिवाय मोहरी तर प्रत्येक मराठी घरांत फोडणीस आहेच.

मोहरी पारखण्याची सोपी रीत अशी. मूठभर मोहरी पांढऱ्या बशींत पसरून उजेडांत पाहावी. मोहरीचा दाणा गोल व गुळगुळीत असतो. धोतऱ्याचा दाणा खरबरीत, काळा व निस्तेज असून जवळून पाहिल्यास त्यावर जाळीसारखी नक्षी दिसते. संशयित दाणा नखानें अथवा चमच्यानें चिरडावा. मोहरी आंतून पिवळी निघते, धोतरा पांढरा निघतो. तेलाची परीक्षा मात्र डोळ्यांनीं, वासानें अगर चवीनें होत नाहीं. ती प्रयोगशाळेंतच केली पाहिजे. म्हणून बियांतच भेसळ पकडणें हाच शेतकऱ्याच्या हातचा उपाय.

औषधी समजुतीविषयीं

या झाडाचा चीक खरजेस, नायट्यास व जखमेस लावण्याची चाल अनेक ठिकाणीं आहे. आफ्रिकेंतील माली देशांत याच्या काढ्याची हिंवतापावर वैद्यकीय चाचणीही झाली व तिचा वृत्तांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. तेव्हां या झाडांत औषधी द्रव्यें नाहींत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु चाचणींत झाडाचा कोणता भाग, किती, कोणास व कोणाच्या देखरेखीखालीं द्यावयाचा हें ठरविलेलें असतें. घरांत ऐकीव माहितीवर बियांचें तेल अंगास चोळणें अथवा चीक डोळ्यांत घालणें ही गोष्ट त्याहून अगदीं वेगळी. डोळ्यांत चीक घालण्याची जुनी चाल तर सोडूनच द्यावी. तेल चोळल्यानेंही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांच्या मालिशीचें तेल म्हणूनच खात्रीचें असावें.

काय करावें

(१) वेळ साधावी. हें रोप मार्गशीर्षाच्या सुमारास, म्हणजे डिसेंबरांत, जमिनीलगत चक्राकार पसरलेलें असतें. खोड निघालेलें नसतें, कांटे मऊ असतात, आणि एका माणसास थोड्या वेळांत लांबच लांब बांध साफ करितां येतो. फूल येण्यापूर्वीं केलेलें एक दिवसाचें काम बोंडें धरल्यावर आठ दिवसांतही होत नाहीं.

(२) रोप वरचेवर कापूं नये. गळ्याच्या वर कापल्यास बुडख्यांतून पुन्हां फुटतें. खुरपें जमिनींत दोन-तीन इंच घालून सोटमूळ तोडावें, अथवा ओल असतांना मुळासकट उपटावें. हातास जाड कापड अगर गोणपाट गुंडाळावें. चीक डोळ्यांस लागूं देऊं नये. मजुरास या कामाचे हातमोजे मालकानें द्यावे. तो झाड वगळून जातो त्याचें अर्धें कारण कांट्यांत आहे.

(३) एका फेरीनें काम संपलें असें समजूं नये. बीं एकदम उगवत नाहीं. तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानें आणखी दोन फेऱ्या कराव्या.

(४) काढलेल्या झाडांची विल्हेवाट त्यांच्या अवस्थेप्रमाणें करावी. फूल न आलेलीं रोपें खताच्या खड्ड्यांत घातल्यास उत्तम कुजतात. बोंडें धरलेलीं झाडें मात्र खड्ड्यांत घालूं नयेत, बांधावरही टाकूं नयेत. तोडलेल्या झाडावर हिरवें बोंड पिकूं शकतें. तीं पोत्यांत भरून एका ठिकाणीं न्यावीं व वाळवून, आगीची काळजी घेऊन, खड्ड्यांत जाळावीं. बोंडें फांकलीं असतील तर झाड हालवितांना खालीं कापड धरावें.

(५) रब्बीपूर्वीं जमिनीस एक हलकें पाणी द्यावें, तण उगवूं द्यावें, मग वरवर कुळवून पेरणी करावी. खोल नांगरटीनें जुनें बीं वर येतें हें ध्यानांत ठेवावें.

(६) पडीक जमीन उघडी ठेवूं नये. वाल, ताग अथवा दुसरें कांहीं दाट वाढणारें पीक फेंकून दिलें तरी चालेल. निदान गवत तरी राहूं द्यावें. झांकलेल्या जमिनींत पिवळा धोतरा सहसा शिरत नाहीं.

(७) बाहेरची माती घेतली असेल तर त्या भरावावर पुढील निदान दोन-तीन हिंवाळे नजर ठेवावी. पहिल्या वर्षीं दहा रोपें दिसलीं तर तीं दहाच काढावयाचीं असतात.

(८) रुंद पानांच्या तणांवर चालणारीं जीं औषधें गव्हांत फवारतात, तीं वाल, हरभरा व भाजीपाला यांसही मारतात. वाडीशेजारीं फवारा वाऱ्यानें उडून नुकसान होतें. झाड मोठें झाल्यावर औषधाचा गुणही कमी येतो. म्हणून कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्यावांचून या वाटेस जाऊं नये.

(९) मोहरी पेरणाऱ्यानें कापणीपूर्वीं शेतांत एक फेरी मारून धोतऱ्याचीं झाडें वेगळीं काढावीं. मळणीनंतर एकजीव झालेले दाणे निवडणें अत्यंत किचकट आहे. घाण्यावर मोहरी नेणाऱ्यानें वर सांगितलेली बशीची परीक्षा घाणेवाल्यासमोर करावी, म्हणजे दोघांचेंही समाधान राहील.

(१०) वाळलेलें गवत कापून ठेवणाऱ्यांनीं भाऱ्यांत या झाडाचे कांटे दिसल्यास तो भारा वेगळा करावा. जनावर उभ्या झाडास तोंड लावीत नाहीं, पण चुऱ्यांत मिसळलेलें त्याच्या पोटांत जाऊं शकतें.

हें एकट्याचें काम नव्हे

बांध दोघांचा असतो. एकानें आपली बाजू साफ केली व दुसऱ्यानें बोंडें पिकूं दिलीं, तर पहिल्या पावसांतच दोघांचें खातें पूर्ववत् होतें. म्हणून शिवारांतील खातेदारांनीं मिळून डिसेंबरांतील एक दिवस ठरवावा व त्या दिवशीं प्रत्येक घरचें एक माणूस खुरपें घेऊन आपल्या हद्दीच्या दोन्हीं अंगांस फिरावें. ज्यांचे मालक मुंबईस अथवा त्याहून लांब असतात त्या जमिनींचा प्रश्न अवघड आहे. तथापि मालकास पत्र अगर निरोप पाठवून परवानगी घेतल्यास साफसफाईस सहसा कोणी हरकत घेत नाहीं. सडकेच्या कडा व सार्वजनिक जागा यांसाठीं पालिकेच्या प्रभाग कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, त्यांत ठिकाण व खूण स्पष्ट लिहावी, आणि अर्जाची पोंच घ्यावी. तोंडी तक्रारीस दप्तरांत जागा नसते.

२०२१ सालापासून पीकपाहणी खातेदारानें स्वतः मोबाईलवर नोंदवावयाची असते. त्या निमित्तानें प्रत्येकास आपल्या गटांत हंगामांतून एकदां तरी जावें लागतें. गटांत गेल्यावर छायाचित्र काढून लगेच न परततां चारी बांधांवरून एक फेरी मारावी. पीक कोणतें व पड किती हें दप्तरास हवें असतें. पडींत काय उगवलें आहे हें पाहण्याचें काम कायद्यानें कोणावर टाकलेलें नाहीं. तें मालकाचें आहे. येत्या मार्गशीर्षांत वाचकांनीं आपल्या बांधावर जावें, निळसर कांटेरी पान दिसल्यास मोडून चीक पाहावा, आणि तो पिवळा निघाल्यास रोप मुळासकट काढल्यावांचून घरीं परतूं नये, अशी आमची सर्वांस विनंति आहे.